अतिदक्षता वैद्यकाचे शिक्षण आणि डॉ. फारोख उदवाडिया

सुरत शहरातून तापी नदी ओलांडून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की इच्छापोर हे गाव येते. एका बाजूस शेती, दुसऱ्या बाजूस कारखाने आणि मधून अहोरात्र वाहणारी मालमोटारींची रांग, असे या पट्ट्याचे आजचे स्वरूप आहे. सुरत आणि परिसरातील कारखान्यांत व मागांवर खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत. नंदुरबार, नवापूर या भागांतील रुग्ण गंभीर आजारात सुरतेचा रस्ता धरतात, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या एखाद्या मजुराच्या पायात गंजका खिळा घुसला, असे समजू. जखम लहान असते. रक्त थांबते. तो माणूस चिंधी बांधून पुन्हा कामावर जातो. आठ-दहा दिवसांनी त्याचा जबडा आखडू लागतो, घास गिळता येत नाही, पाठ ताठ होते. मग धावपळ सुरू होते. या क्षणापासून तो माणूस जगणार की नाही, हे कशावर अवलंबून असते? औषधावर, यंत्रावर, की आणखी कशावर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातूनच मुंबईत अतिदक्षता वैद्यकाच्या शिक्षणाची एक मोठी परंपरा उभी राहिली. ती घडविणाऱ्यांत डॉ. फारोख एरच उदवाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. सुरतहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर, वलसाड जिल्ह्यात, पारशी समाजाचे तीर्थक्षेत्र असलेले उदवाडा हे गाव लागते. त्याच गावावरून उदवाडिया हे आडनाव आले आहे.

अतिदक्षता म्हणजे काय?

अतिदक्षता विभाग म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे नळ्या, पडदे आणि टिकटिकणारी यंत्रे उभी राहतात. या विभागाचे खरे वैशिष्ट्य मात्र वेगळे आहे. सर्वसाधारण कक्षात रुग्णाची तपासणी दिवसातून ठराविक वेळी होते. अतिदक्षता विभागात ती अखंड चालते. श्वास, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, रक्तातील प्राणवायू या सर्वांवर सतत लक्ष ठेवले जाते आणि त्यांपैकी एखादी गोष्ट बिघडू लागताच, ती पूर्णपणे बिघडण्यापूर्वी, उपाय केला जातो. शरीराचे एखादे इंद्रिय काही काळ काम करीत नसेल, तर ते पूर्ववत होईपर्यंत त्याचे काम बाहेरून चालू ठेवणे, हे या शास्त्राचे मूळ सूत्र होय.

हे सूत्र समजण्यास सोपे आहे, परंतु आचरणात आणण्यास अत्यंत कठीण आहे. कारण त्यासाठी चोवीस तास जागरूक असलेली आणि काय पाहावयाचे हे जाणणारी माणसे लागतात. यंत्र विकत घेता येते. अशी माणसे शिकवूनच तयार करावी लागतात.

कोपनहेगनचा धडा

या शास्त्राचा आधुनिक इतिहास बहुधा १९५२ सालापासून सांगितला जातो. त्या वर्षी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. शहराच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले व तरुण दररोज दाखल होऊ लागले. रुग्णालयाकडे श्वासोच्छ्वास चालविणारी यंत्रे होती अवघी सात. साथीच्या आरंभीच्या आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर यंत्रांच्या साहाय्याने उपचार झाले. त्यांपैकी २७ जण दगावले.

तेथील प्रमुख वैद्य लासेन यांनी बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांचा सल्ला घेतला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास हाताने रबरी पिशवी दाबून चालविता येतो. मग हीच पद्धत पोलिओच्या रुग्णांना का लावू नये, असा त्यांचा विचार होता. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून तीत नळी बसविण्यात आली व पिशवीने तिचा श्वास चालविण्यात आला. ती मुलगी वाचली. पुढील काही महिने सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हाताने पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

या घटनेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रुग्ण वाचले ते नव्या औषधाने नव्हे, आणि यंत्राने तर मुळीच नव्हे. योग्य कृती शिकलेले हात रुग्णाजवळ सतत हजर होते, म्हणून ते वाचले.

धनुर्वात : मातीतील शत्रू

पोलिओप्रमाणेच रुग्णाचा श्वास रोखणारा दुसरा रोग म्हणजे धनुर्वात. भारतातील ग्रामीण जनतेस तो शतकानुशतके ठाऊक आहे. त्याचे जंतू माती व शेण यांत बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात आणि एक विष निर्माण करतात. हे विष मज्जातंतूंत शिरले की स्नायूंना सैल करणारी यंत्रणा बंद पडते. जबडा घट्ट मिटतो, मान व पाठ धनुष्याप्रमाणे वाकते. दार आपटल्याचा आवाज, अंगावर पडलेला प्रकाशाचा झोत किंवा साधा स्पर्श यांनीही रुग्णास झटके येतात. झटका छातीच्या स्नायूंना आला की श्वास थांबतो.

प्रतिविष दिले तरी ते मज्जातंतूंत आधीच शिरलेल्या विषाला निष्प्रभ करू शकत नाही. ते विष ओसरण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्ण जगला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. त्यामुळे हा रोग अतिदक्षता वैद्यकाची कसोटी पाहणारा ठरला.

पूर्वी यावर उपचार म्हणजे अंधारी खोली, शांतता आणि गुंगीचे औषध. सौम्य रोगात रुग्ण निभावून जात असे. तीव्र रोगात मात्र वैद्यांना रुग्णाच्या अंतापलीकडे फारसे काही पाहावयास मिळत नसे.

जे. जे. रुग्णालयातील कार्य

डॉ. उदवाडिया यांचा जन्म १९३१ सालचा. १८४५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी आणि त्याला जोडलेल्या सर जे. जे. रुग्णालयाशी त्यांचे नाते प्रदीर्घ काळाचे आहे. एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे ते फेलो झाले. पुढे ग्रँट महाविद्यालयात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक व नंतर सन्माननीय प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकविल्या. १९८७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले.

मुंबईत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयविकाराच्या व श्वसनाच्या गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू होऊ लागले. ब्रीच कँडी या खाजगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या उभारणीत डॉ. उदवाडिया यांचा पुढाकार होता. १९८२ साली चित्रीकरणात जखमी झालेले अभिनेते अमिताभ बच्चन यांच्यावर याच रुग्णालयात दीर्घकाळ उपचार झाले, तेव्हा ‘अतिदक्षता विभाग’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

परंतु या शास्त्राची खरी परीक्षा झाली ती जे. जे. सारख्या शासकीय रुग्णालयात. तेथे येणारा रुग्ण बहुधा गरीब असे. तो उशिरा येई, पुष्कळदा लांबून येई. उपचारास आठवडेच्या आठवडे लागणार, हे ऐकून नातेवाईक खचून जात. डॉ. उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धनुर्वाताच्या रुग्णांवर अतिदक्षतेच्या पद्धतीने उपचार केले आणि त्याची काटेकोर नोंद ठेवली. सलग १५० रुग्णांच्या अभ्यासाचा त्यांचा निबंध १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष बोलके आहेत. धनुर्वाताच्या रुग्णांतील एकूण मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तीव्र धनुर्वातात ते ७० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले.

या आकड्यांचा अर्थ साध्या भाषेत असा : तीव्र धनुर्वात झालेल्या दहा रुग्णांपैकी पूर्वी सात दगावत. आता दहांपैकी सात-आठ घरी परत जाऊ लागले. आणि हे एखाद्या श्रीमंत देशात नव्हे, तर आपल्याच राज्यातील शासकीय रुग्णालयात घडले.

यश कशाचे?

तीव्र धनुर्वातात झटके थांबविण्यासाठी रुग्णाचे सर्व स्नायू औषधाने सैल करावे लागतात. त्यामुळे झटका थांबतो, पण श्वासही थांबतो. तो व्हेंटिलेटरने, म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राने, चालवावा लागतो. या अवस्थेत रुग्ण कित्येक दिवस, प्रसंगी तीन ते पाच आठवडे राहतो. यंत्राची नळी निसटली तर त्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, हाक मारता येत नाही, बोटही हलविता येत नाही. काही मिनिटांतच सर्व संपू शकते. म्हणजेच या काळात रुग्णाचे प्राण अक्षरशः त्याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हाती असतात.

तिने काय काय करावयाचे असते, ते पाहिले म्हणजे प्रशिक्षणाचे महत्त्व पटते. श्वासनलिकेतील कफ निर्जंतुक पद्धतीने वेळोवेळी ओढून काढणे, ठराविक वेळाने रुग्णाची कूस बदलणे, डोळे कोरडे पडू न देणे, नळीतून अन्न देणे, आत गेलेल्या व बाहेर आलेल्या द्रवाचा हिशेब ठेवणे आणि प्रत्येक तासाची नोंद करणे, ही सारी तिची कामे. यांतील एकही काम कठीण दिसत नाही. परंतु एकाही कामात हयगय झाली तर फुफ्फुसात जंतुसंसर्ग होतो, अंगावर जखमा पडतात आणि रोगाने न मारलेला रुग्ण उपचारातील त्रुटीने दगावतो.

डॉक्टरपुढील आव्हान निराळे असते. झटके थांबले म्हणून धोका टळत नाही, हे त्या निबंधातून स्पष्ट झाले. कित्येकदा नाडी कारणाशिवाय भरधाव धावू लागते, रक्तदाब एकाएकी घसरतो, ताप कमालीचा चढतो. श्वास वरवर ठीक दिसत असताना रक्तातील प्राणवायू कमी झालेला असतो. हे सर्व ओळखण्यास पुस्तकी ज्ञान पुरत नाही. त्यासाठी अनुभवी गुरूच्या सोबत रुग्णाच्या उशाशी उभे राहून पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. स्नायू सैल केलेला रुग्ण निश्चल दिसला तरी गुंगी पुरेशी नसेल तर तो ऐकत असतो. त्याच्या खाटेजवळ काय बोलावे आणि काय बोलू नये, त्याला नावाने हाक मारून काय चालले आहे ते कसे सांगावे, हाही उपचाराचाच भाग आहे. यंत्रांच्या गर्दीत रुग्ण हरवू नये, तपासण्यांच्या कागदांनी वैद्याचा हात रुग्णाच्या नाडीवरून दूर करू नये, हा विचार डॉ. उदवाडिया यांनी पुढे आपल्या लेखनातून आग्रहाने मांडला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाचे नावच रोग बरा करण्याच्या विस्मृत कलेची आठवण देणारे आहे. अतिदक्षता विभाग उभारणाऱ्या वैद्याने हे सांगावे, याला विशेष अर्थ आहे.

कक्षातून अभ्यासक्रमाकडे

आरंभी या शास्त्राचे औपचारिक शिक्षण आपल्या देशात नव्हते. भूलशास्त्र, छातीचे विकार किंवा सामान्य वैद्यक यांत पदवी घेतलेले डॉक्टर अनुभवी वैद्यांच्या हाताखाली काम करून जे शिकत, तेवढेच त्यांचे शिक्षण. गुरू चांगला लाभला तर शिष्य तयार होई. ज्या जिल्ह्यात असा गुरू नसे, तेथे विभाग असूनही शिक्षण नसे.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन मार्गांनी प्रयत्न झाले. पहिला मार्ग ग्रंथांचा. डॉ. उदवाडिया यांनी धनुर्वातावरील आपला अनुभव १९९० च्या दशकात ग्रंथरूपाने मांडला आणि अतिदक्षता वैद्यकाच्या तत्त्वांवर एक सविस्तर पाठ्यग्रंथ लिहिला. परदेशी पुस्तकांत धनुर्वात, तीव्र हिवताप यांसारख्या आपल्याकडील रोगांना फारच थोडी जागा असे. भारतीय डॉक्टरास भारतीय रुग्णाचे चित्र दाखविणारे पुस्तक त्यामुळे उपलब्ध झाले.

दुसरा मार्ग संघटनेचा. १९९३ साली मुंबई येथे भारतीय अतिदक्षता वैद्यक संस्थेची स्थापना झाली. पुण्याचे डॉ. शिरीष प्रयाग हे या संस्थेच्या उभारणीतील अग्रणींपैकी एक होत. या संस्थेने डॉक्टरांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी रुग्णालयांची पाहणी करून, तेथे पुरेशा खाटा, सामग्री व शिक्षक आहेत याची खात्री झाल्यावरच प्रशिक्षणास मान्यता देण्याची पद्धत घालून दिली. पुढे परिचारिकांसाठीही स्वतंत्र अभ्यासक्रम आला. कालांतराने राष्ट्रीय परीक्षा मंडळाने या विषयास मान्यता दिली आणि आज वैद्यकातील पदव्युत्तर पदवीनंतर तीन वर्षांची अतिविशेष पदवीही या विषयात घेता येते.

अशा रीतीने एका कक्षात गुरुमुखाने दिली जाणारी विद्या देशभरच्या अभ्यासक्रमात उतरली. हे काम एका व्यक्तीचे नाही, त्यात अनेकांचे श्रम आहेत. तथापि, योग्य शिक्षण मिळाले तर शासकीय रुग्णालयातील गरीब रुग्णही अतिदक्षतेने वाचविता येतो, हे आकड्यांनिशी सिद्ध करणारा पाया जे. जे. च्या त्या कक्षात घातला गेला, ही गोष्ट विसरता येणार नाही.

पहिला तास गावाचा

अतिदक्षतेची साखळी रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ती घटनास्थळी सुरू होते. हा विचार जगापुढे ठामपणे मांडणारे वैद्य म्हणजे डॉ. पीटर साफर. १९२४ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले साफर पुढे अमेरिकेत गेले. श्वास थांबलेल्या माणसाचे डोके मागे झुकवून तोंडाने तोंडात हवा फुंकली तर त्याचा श्वास चालविता येतो, आणि ही क्रिया सामान्य माणसासही शिकविता येते, हे त्यांनी १९५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. १९५८ साली त्यांनी बाल्टिमोर येथे अतिदक्षता विभाग सुरू केला. पुढे पिट्सबर्ग येथे या विषयात डॉक्टरांना तयार करण्याचे शिक्षण सुरू करणाऱ्या आद्य शिक्षकांत त्यांचा समावेश होतो.

१९६६ साली त्यांची लहान मुलगी दम्याच्या तीव्र झटक्याने मरण पावली. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमधील एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत नवी रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोपर्यंत शहरात रुग्णांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून, कोणत्याही उपचाराविना, नेण्यात येत असे. या सेवेसाठी त्याच वस्तीतील बेरोजगार तरुणांची निवड झाली आणि साफर यांनी त्यांच्या कसून प्रशिक्षणाची जबाबदारी घेतली. ज्यांना समाजाने कामास अयोग्य ठरविले होते, ते तरुण प्राण वाचविणारे कुशल सेवक बनले. आधुनिक रुग्णवाहिका सेवेच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे.

आपल्याकडे गुजरातमध्ये २००७ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. इच्छापोरसारख्या गावातून हा क्रमांक फिरविला की प्रशिक्षित सेवक गाडीसह येतो. परंतु गाडी येईपर्यंतची मिनिटे गावाचीच असतात. त्या मिनिटांत जवळ असलेला माणूस काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

खर्चाचा हिशेब

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. अतिदक्षता उपचार महाग आहेत. खाजगी रुग्णालयात काही दिवसांच्या मुक्कामात एखाद्या शेतकरी कुटुंबाची जमीन गहाण पडू शकते. शासकीय रुग्णालयात खर्चाचा भार कमी असला तरी खाटा मर्यादित असतात. एका धनुर्वाताच्या रुग्णाने महिनाभर अडविलेली खाट त्या काळात इतर अनेकांना मिळू शकत नाही. २०२० व २०२१ साली कोरोनाच्या साथीत हे सर्वांनी अनुभवले. यंत्रे मोठ्या संख्येने पाठविता आली, परंतु ती चालविणारे प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका तितक्या त्वरेने निर्माण करता आल्या नाहीत. कोपनहेगनचा धडा जगाला पुन्हा एकदा गिरवावा लागला.

धनुर्वाताच्या बाबतीत तर हा खर्च टाळता येण्याजोगा आहे. जी लस आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते, ती वेळेवर घेतली असती तर त्या रुग्णास व्हेंटिलेटरची गरजच पडली नसती. १९७८ साली देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ साली तो सार्वत्रिक करण्यात आला. गरोदर मातांना लस, प्रशिक्षित हातांनी बाळंतपण व नाळ कापण्याची स्वच्छ पद्धत यांच्या बळावर २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. एके काळी गावोगाव अर्भकांचा बळी घेणाऱ्या या रोगावर मिळविलेला हा विजय कोणत्याही अतिदक्षता विभागाच्या यशाहून लहान नाही.

तथापि, निर्मूलन म्हणजे जंतूंचा नाश नव्हे. माती तीच आहे, जंतूही तेच आहेत. बालपणी घेतलेल्या लसीचा प्रभाव काळाबरोबर ओसरतो. शेतात अनवाणी काम करणारे प्रौढ पुरुष, बांधकाम मजूर, कारखान्यातील कामगार व वृद्ध स्त्रिया यांना आजही हा धोका आहे. धनुर्वात एकदा होऊन गेला तरी त्यापासून कायमचे संरक्षण मिळत नाही. बरा झालेल्या रुग्णासही लस घ्यावीच लागते.

गावाने आणि शाळेने काय करावे?

१. प्रत्येक बालकाचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करावे : सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लस, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस.

२. गरोदर स्त्रीने आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने लस घ्यावी. बाळाच्या नाळेवर शेण, राख, तेल वा अन्य कोणताही पदार्थ लावू नये.

३. प्रौढांनी दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यावी. ग्रामपंचायतीने व कारखान्याच्या व्यवस्थापनाने याची नोंदवही ठेवल्यास कोणाची मात्रा राहिली आहे हे लगेच समजते.

४. जखम कितीही लहान असली तरी ती साबण व स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. तीवर माती, शेण किंवा हळद लावून ती झाकू नये. खोल, मळलेल्या किंवा खिळ्याने झालेल्या जखमेसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

५. जबडा आखडणे, गिळण्यास त्रास, मान व पाठ ताठ होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वा मंत्रतंत्रात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. रुग्णास तोंडाने पाणी वा औषध पाजू नये. त्याच्याजवळ गलका करू नये.

६. बेशुद्ध पडलेल्या माणसाभोवती गर्दी करू नये. तो श्वास घेत असल्यास त्यास कुशीवर वळवावे. श्वास थांबला असल्यास छाती दाबण्याची प्रथमोपचाराची क्रिया त्वरित सुरू करावी. ही क्रिया प्रत्येक गावातील निदान काही तरुणांनी व शिक्षकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. केवळ वाचून ती येत नाही.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या मजुराकडे पुन्हा वळू. त्याने वेळेवर लस घेतली असेल तर ही कहाणी चिंधी बांधण्यापाशीच संपते. घेतली नसेल, तर त्याचे प्राण एका साखळीवर अवलंबून राहतात. लक्षण ओळखणारा शेजारी, तत्परतेने येणारा रुग्णवाहिका सेवक, योग्य ठिकाणी पाठविणारा आरोग्य केंद्रातील डॉक्टर, अतिदक्षता विभागातील वैद्य आणि रात्री तीन वाजता त्याच्या नळीकडे लक्ष ठेवणारी परिचारिका, या सर्व त्या साखळीच्या कड्या होत. एकही कडी न शिकलेली असेल, तर साखळी तेथेच तुटते.

डॉ. उदवाडिया आणि त्यांच्या पिढीतील वैद्यांनी या साखळीची रुग्णालयातील कडी शिक्षणाने भक्कम केली. तीव्र धनुर्वाताच्या दहा रुग्णांपैकी जे चार-पाच जण अधिक वाचू लागले, ते त्या शिक्षणाचे फळ आहे. गावाकडील कडी भक्कम करण्याचे काम मात्र मुंबईतील कोणताही तज्ज्ञ करू शकणार नाही. ते सरपंच, शिक्षक, आरोग्य सेविका आणि गावातील तरुण यांनाच करावयाचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

(शाळा, ग्रामसभा व तरुण मंडळे यांच्या उपयोगासाठी)

१. कोपनहेगन येथील १९५२ सालच्या साथीत रुग्ण वाचण्याचे मुख्य कारण कोणते? यंत्र आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांतील संबंध त्यावरून स्पष्ट करा.

२. धनुर्वाताचे प्रतिविष दिल्यानंतरही रुग्णास अनेक आठवडे अतिदक्षतेची गरज का भासते?

३. आपल्या गावातून जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे? रात्रीच्या वेळी तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो?

४. गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतलेली प्रौढ माणसे आपल्या वस्तीत किती आहेत, याची घरोघर जाऊन नोंद करा व ती आरोग्य सेविकेस सादर करा.